औषध बरोबर जागी बसलंय, मग पेशी वाढतात कशा?

प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचटी-29 पेशींवर व्हेमुराफेनिब हे बिघडलेलं बीरॅफ प्रथिन अडवणारं औषध टाकलं. एका तासाने वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला, तर फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेल्या ईआरके प्रथिनाचा, पट्टा जवळजवळ गायब. तीन दिवसांनी एमटीटी (पेशी किती वाढल्या याचा रंगावरून अंदाज देणारी चाचणी) केलं, तर पेशी थोड्याफार कमी भरल्या, पण वाढलेल्याच. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींमध्ये बीरॅफचं तेच व्ही600ई म्यूटेशन असतं आणि तिथे हे औषध जोरात चालतं, हे सगळीकडे छापलेलं आहे. म्हणून विचारणाऱ्याच्या तीन शंका: औषध खराब झालंय का? पुस्तकातला पाथवे, म्हणजे पेशीत निरोप पोचवणारी प्रथिनांची साखळी, चुकीचा आहे का? आणि म्यूटेशन तेच असून उपयोग होणार नसेल, तर रुग्णांची जनुकीय तपासणी करायची कशाला?

मी बरीच वर्षं याच पाथवेवर काम करते आणि या तीनही शंका कधी ना कधी मला स्वतःला आल्या आहेत. औषध बहुधा ठीक आहे. पाथवेही बरोबर आहे, फक्त तो ज्या पद्धतीने काढतात ती चित्रकला दिशाभूल करते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे, त्याकडे नंतर येते.

आधी तुमची खरी अडचण काय आहे ते बघू. तुमच्याकडे दोन निकाल आहेत आणि ते एकमेकांशी भांडताहेत असं तुम्हाला वाटतंय. पण एका तासाचा ब्लॉट फक्त एवढंच सांगतो की औषध पेशीत शिरलं आणि लक्ष्यावर बसलं. तीन दिवसांची वाढ सांगते की त्यानंतर पेशीने काय केलं. मधल्या 71 तासांत काय घडलं, याबद्दल तुमच्या वहीत एक ओळही नाही. सगळी गोष्ट त्या 71 तासांत आहे.

पाथवेचं चित्र तुम्हाला पाठ असेलच. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआरसारखा रिसेप्टर, त्याला बाहेरून वाढीचा निरोप मिळतो, ग्रब2 आणि सॉस हे मध्यस्थ रॅसला चालू करतात, रॅस रॅफला (बीरॅफ हा त्यातलाच एक), रॅफ मेकला, मेक ईआरकेला. (लॅबमध्ये आम्ही त्याला सरळ ‘अर्क’ म्हणतो, आणि तो नावाला जागतो.) वरून खाली बाण, एकाखाली एक. हे चित्र बघून कुणालाही वाटेल की ही पाण्याची पाइपलाइन आहे, मध्ये कुठेही कॉक बंद केला की खाली थेंब येणार नाही.

पण पेशीला निरोप किती मोठा आहे इतकंच कळत नाही, तो किती वेळ टिकला हेही कळतं. पीसी12 पेशींचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळे देतात. त्यांना ईजीएफ हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन दिलं तर ईआरके थोडा वेळ पेटून विझतो आणि पेशी विभाजित होत राहतात. एनजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन दिलं तर तोच ईआरके काही तास पेटलेला राहतो आणि पेशी विभाजन सोडून मज्जापेशीसारखे धागे काढू लागतात. प्रथिनं तीच, क्रम तोच, फरक फक्त कालावधीचा. बाणांच्या चित्रात घड्याळ नसतं, ही त्याची पहिली उणीव.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची. चित्रात खालून वर जाणारे बाण बहुतेक वेळा काढतच नाहीत. ईआरके चालू झाला की तो आपल्याच वरच्यांना लगाम घालतो. सॉसवर फॉस्फेट चिकटवून त्याला मंद करतो. डीयूएसपी6, स्प्राउटी अशी प्रथिनं तयार करायला लावतो. त्यातलं पहिलं ईआरकेवरचाच फॉस्फेट काढून टाकतं, दुसरं रिसेप्टरकडून रॅसकडे जाणारा निरोप दाबतं. निरोगी पेशीत ही फार शहाणी व्यवस्था आहे, नाहीतर एकदा मिळालेला निरोप कधी थांबलाच नसता.

आता व्ही600ई पेशीत काय होतं बघा. बीरॅफ साखळीत 600 व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामेट आलेलं असतं. साध्या बीरॅफला काम करायला रॅसचा हुकूम लागतो आणि जोडीदारही लागतो, दोन रॅफ एकमेकांना चिकटले की मगच ते चालतात. व्ही600ई बीरॅफला यातलं काहीच लागत नाही, तो एकटाच, हुकमाशिवाय, चोवीस तास चालू असतो. त्यामुळे ईआरके सतत चढलेला, आणि म्हणून वरच्यांवरचा लगामही सतत आवळलेला. या पेशीत रॅस जवळपास झोपलेलाच असतो.

व्हेमुराफेनिब हे जोडीदार नसलेल्या, एकट्या बीरॅफवर उत्तम बसतं. एका तासात ईआरके खाली येतो. तुमचा पट्टा गेला तो इथे. पण ईआरके गेला म्हणजे लगाम धरणाराही गेला. लगाम सुटला की वरचे रिसेप्टर मोकळे होतात, रॅस जागा होतो, आणि जागा झालेला रॅस रॅफच्या जोड्या जमवायला लागतो. इथे औषधाची गोची आहे. जोडीतल्या एका रॅफवर औषध बसलं की दुसऱ्याच्या खाचेची ठेवण बदलते आणि तिथे औषध नीट बसत नाही. दुसरा रॅफ मोकळाच राहून मेकला चालू करतो. औषध पेशीत आहे, बीरॅफवर बसलंय, आणि तरीही ईआरके परत पेटलाय.

मग हे मेलानोमात का होत नाही? होतं, पण हळू. मेलानोमा ज्या रंगद्रव्याच्या पेशींतून येतो त्यांचा वंश आतड्याच्या अस्तरापेक्षा वेगळा, मज्जाशिखेतून (गर्भातल्या न्यूरल क्रेस्टमधून) आलेला. त्यांच्या पृष्ठभागावर ईजीएफआर फारच कमी असतो. लगाम सुटला तरी उधळायला घोडाच जागेवर नाही. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मात्र ईजीएफआरने भरलेल्या असतात. म्यूटेशन तेच, पण ते ज्या पेशीत आलं ती पेशी वेगळी. माझ्या मते कर्करोगातल्या सिग्नलिंगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही: पेशी औषधाला उत्तर देते, आणि ते उत्तर ती आपल्या घराण्याप्रमाणे देते.

2012 मध्ये दोन गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. त्यातल्या ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटाची पद्धत मला फार आवडते. त्यांनी आधी तर्क लढवला नाही. आतड्याच्या व्ही600ई पेशींमध्ये पाचशेहून जास्त काइनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारी प्रथिनं) एकेक करून बंद पाडणारा संच टाकला, वर व्हेमुराफेनिब दिलं, आणि कोणता काइनेज बंद केला की पेशी मरतात एवढंच विचारलं. उत्तर आलं ईजीएफआर.

आता माझी एक फजिती सांगते, कारण ती तुमच्या पहिल्या शंकेचीच आहे. तो पेपर यायच्या आधी माझ्याकडे असाच ब्लॉट होता. एका तासाला पट्टा नाही, सहा तासांना अंधुक सावली, चोवीस तासांना 44 आणि 42 किलोडाल्टनच्या जागी दोन्ही पट्टे ठसठशीत. मी काय निष्कर्ष काढला? औषध 37 अंशांना टिकत नाही. नवी बाटली मागवली. मग डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) बदललं. मग दर आठ तासांनी ताजं औषध घालायला सुरुवात केली, त्यासाठी रात्री दोन वाजता लॅबमध्ये जात होते. सहा आठवडे बाटलीवर संशय घेण्यात गेले, पेशीवर एकदाही घेतला नाही.

शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चहा पिता पिता विचारलं, “चोवीस तासांचं ते माध्यम तू फेकून देतेस का?” मी म्हटलं, हो, मग काय करू? तो म्हणाला, “मेलानोमाच्या पेशींवर ओत की.” दुसऱ्या दिवशी एचटी-29 वरून काढलेलं, चोवीस तास वापरलेलं माध्यम मी मेलानोमाच्या ताज्या ए375 पेशींवर ओतलं आणि एका तासाने ब्लॉट केला. ईआरकेचा पट्टा साफ. म्हणजे औषध चोवीस तासांनंतरही ठणठणीत होतं, एका पेशीत चालत होतं आणि दुसरीत त्याच्या नाकावर टिच्चून ईआरके परत आलेला होता. अर्ध्या दिवसाचा प्रयोग. औषध खराब झालंय अशी शंका आली की मी आता सगळ्यात आधी हाच करायला सांगते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. तपासणी कशाला? इमॅटिनिब या औषधाने आपल्या सगळ्यांना जरा चुकीची सवय लावली असं मला वाटतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून एक जोडप्रथिन तयार होतं, बीसीआर-एबीएल. ते बंद केलं की बहुतेक रुग्णांचा रोग ताब्यात राहतो. 2001 मध्ये ते औषध आलं आणि ‘बिघाड शोधा, औषध द्या’ हे सूत्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं. तिथे पेशी औषध चुकवते तीसुद्धा सरळ वाटेने: औषध बसायच्या खाचेतच टी315आयसारखं म्यूटेशन येतं. बीरॅफच्या मेलानोमात मात्र खाच बदलण्याची वाट क्वचितच दिसते. तिथे एनरॅस (रॅसचाच एक प्रकार) बिघडतो, बीरॅफच्या जनुकाच्या प्रती वाढतात, बीरॅफचं कापलेलं छोटं रूप येतं जे जोडी जमवतं, कधी मेक बिघडतो. सगळ्या वाटा फिरून ईआरकेकडेच येतात. म्हणूनच मेलानोमात बीरॅफ आणि मेक दोन्ही एकदम अडवतात. डॅब्राफेनिब (बीरॅफसाठी) आणि ट्रॅमेटिनिब (मेकसाठी) या जोडीच्या मोठ्या चाचण्यांत पाच वर्षांनी 34 टक्के रुग्ण हयात होते, आणि 19 टक्के रुग्णांत रोग पुढे सरकलेला नव्हता. एकट्या बीरॅफ औषधाच्या काळात आजार साधारण सहा-सात महिन्यांत परतायचा, हे पाहता हा आकडा लहान नाही. आणि यात एक गंमत आहे. एकट्या व्हेमुराफेनिबमुळे काही रुग्णांच्या त्वचेवर वेगळ्याच गाठी येत होत्या, कारण ज्या निरोगी दिसणाऱ्या त्वचापेशींत रॅस आधीच बिघडलेला असतो तिथे हे औषध जोड्या जमवून ईआरके उलट वाढवतं. मेकही अडवला की त्या गाठी कमी झाल्या. तुमच्या एचटी-29 मध्ये जे घडतंय आणि त्या त्वचेवर जे घडत होतं, त्याचं मूळ एकच आहे.

आतड्याच्या कर्करोगात एकटं व्हेमुराफेनिब 21 रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा गाठ ठरलेल्या मापाने लहान झाली ती एकाच रुग्णाची. पण बीरॅफ आणि ईजीएफआर एकदम अडवायचं ठरल्यावर चित्र पालटलं. 2020 पासून एन्कोराफेनिब (बीरॅफसाठी) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआरसाठी) ही जोडी आधी उपचार झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मंजूर आहे, आणि पुढे केमोथेरपीसोबत ती सुरुवातीलाच दिली तेव्हा गाठ लहान होण्याचं प्रमाण नुसत्या नेहमीच्या उपचारातल्या 40 टक्क्यांवरून 61 टक्क्यांवर गेलं. हे सगळं व्ही600ईची तपासणी केल्याशिवाय कुणाला द्यायचं ते कळलंच नसतं. तपासणी निरुपयोगी नाही. फक्त अहवालात म्यूटेशनच्या नावाशेजारी अवयवाचं नावही वाचावं लागतं. शिवाय याच गटातल्या काही गाठींमध्ये डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते, आणि तिथे इम्युनोथेरपीचा विचार आधी होतो. म्हणून घरातल्या कुणासाठी हे वाचत असाल, तर यातलं एकही वाक्य उपचार म्हणून उचलू नका. आधी कोणते उपचार झालेत, गाठ कुठे आहे, दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, हे सगळं समोर असलेल्या ऑन्कोलॉजिस्टलाच ठरवू द्या.

‘म्यूटेशन आहे म्हणजे कर्करोग आहे’ हेही तितकंसं खरं नाही, ते जाता जाता. अंगावरच्या बहुसंख्य साध्या तिळांत हेच व्ही600ई असतं. म्यूटेशन आलं, पेशी थोड्या वाढल्या आणि मग पी16 सारख्या प्रथिनांनी त्यांना थांबवलं. तीळ चाळीस वर्षं आहे तसाच राहतो. आणि दुसऱ्या टोकाला हेअरी सेल ल्युकेमिया हा रक्ताचा आजार. त्याच्या नेहमीच्या प्रकारात जवळजवळ प्रत्येक रुग्णात व्ही600ई सापडतं, आणि तिथे व्हेमुराफेनिब फारच छान चालतं. तीळ, मेलानोमा, आतडं, रक्त: अक्षर तेच, चार घरांत चार अर्थ.

आता तुमच्या बाकावर काय करायचं. माझं वरचं स्पष्टीकरण तुमच्या पेशींना लागू आहे की नाही, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. औषधाची मात्रा किती? साधारण 1 मायक्रोमोलरच्या आसपास असेल तर मी जे बोलते आहे ते धरून चाला. त्याच्या दहापट असेल तर इतर प्रथिनंही अडवली जात असतील आणि निकालाचा अर्थ लावणं अवघड. पेशी सीरममध्ये होत्या की उपाशी ठेवलेल्या? उपाशी ठेवल्या तर बाहेरून ईजीएफआरला निरोप देणारं फारसं कुणी उरत नाही, आणि परत येणारा पट्टा फिका दिसू शकतो. थाळी किती भरलेली होती? गर्दीतल्या पेशी वेगळ्या वागतात. मायकोप्लाझ्माची (पेशींना गुपचूप लागण करणाऱ्या जंतूची) चाचणी शेवटची कधी झाली? पेशी खरंच एचटी-29 आहेत हे डीएनए ठशांवरून तपासलंय का? हसू नका. एमडीए-एमबी-435 नावाची पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि शेवटी ती मेलानोमाची निघाली.

एक ब्लॉट असा लावा: 0, 1, 6, 24 आणि 48 तास. प्रत्येक वेळेला नुसतं डीएमएसओ दिलेली जोडीची थाळी हवीच, कारण 48 तासांत औषध न देताही पेशींची गर्दी बदलते. एचटी-29 आणि ए375 एकाच जेलवर, शेजारी शेजारी. वेगवेगळ्या जेलवरच्या पट्ट्यांची तुलना दाखवलीत तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल. फॉस्फो-ईआरके, एकूण ईआरके, फॉस्फो-ईजीएफआर आणि डीयूएसपी6 बघा. डीयूएसपी6 हा माझा आवडता साक्षीदार आहे. ईआरके पडला की तो काही तासांत घसरतो, म्हणजे लगाम सुटल्याचं डोळ्यांनी दिसतं. पेशी फोडताना थाळी बर्फावर हवी, आणि बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड त्याच दिवशी घाला. हे विसरलात तर पेशीतले फॉस्फेटेज तुमच्या आधीच सगळे फॉस्फेट उडवतात आणि ‘औषधाने पट्टा घालवला’ असा सुंदर, खोटा निकाल हाती येतो. डीएमएसओच्या रांगेत पट्टा नीट दिसतोय ना, हे आधी बघायचं ते याचसाठी.

शक्य असेल तर रॅस-जीटीपीचा पुलडाउन करा. रॅफचा रॅसला धरणारा तुकडा मण्यांवर लावलेला मिळतो, तो फक्त जागा झालेला रॅस ओढून काढतो. 24 तासांना तो वाढलेला दिसला तर गोष्ट पुरी झाली. मग व्हेमुराफेनिबसोबत गेफिटिनिब किंवा सेटुक्सिमॅब हे ईजीएफआरचं औषध द्या आणि पट्टा खालीच राहतो का बघा. वाढीसाठी एमटीटीवर एकट्यावर विसंबू नका. ते पेशी मोजत नाही, पेशी रंग किती बदलतात ते मोजतं, आणि काइनेजची औषधं पेशीचा चयापचयच बदलतात. सहा खणांच्या थाळीत थोड्या पेशी पेरा, 10 ते 14 दिवस दर तीन दिवसांनी औषधासह माध्यम बदला, शेवटी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा. एकटं औषध, एकटं ईजीएफआरचं औषध आणि दोन्ही मिळून, हे तीन खण शेजारी ठेवले की गाइडला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पेशी घ्या म्हणून कुणी सांगितलं आणि तुम्ही विडर उचलली, तर ती दुसरी पेशी नाहीच. विडर आणि एचटी-29 एकाच रुग्णाच्या आहेत, नाव बदललंय इतकंच. आरकेओ घ्या, तिच्यातही व्ही600ई आहे, पण तिच्यात पीआय3के या वाढीच्या दुसऱ्या वाटेवरच्या प्रथिनाचंही म्यूटेशन आहे, त्यामुळे तिथे ईजीएफआर अडवून तितकासा फरक पडला नाही तर दचकू नका.

आणि समजा हे सगळं करून 24 तासांना ईआरकेचा पट्टा परत आलाच नाही, तरी पेशी वाढताहेत. मग माझं वरचं लांबलचक स्पष्टीकरण तुमच्या थाळीपुरतं चूक आहे, आणि ते तसंच लिहा. त्या वेळी नजर पीआय3केच्या वाटेवरच्या फॉस्फो-एकेटीकडे वळवा. एचटी-29 मध्येही पीआय3केच्या जनुकात एक म्यूटेशन नोंदलेलं आहे, ईआरके विझलेला असताना पेशी त्या बाजूने तग धरून असू शकते. तोच लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) उणे 80 वर जपून ठेवला असेल तर पेशी पुन्हा वाढवायचीही गरज नाही, फक्त एक अँटिबॉडी बदलायची आहे.